जनीने आणलेली कळशी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. ह्यांनाही नाही — आणि ते गेले त्याला आता चार वर्षं झाली. तुम्हालाच का सांगतेय? माहीत नाही. बारीकशी गोष्ट आहे, असं मी मनाला समजावत आले. बारीक असती तर एव्हाना विसरले नसते का?

आणीबाणी उठल्यानंतरचं दुसरं वर्ष. ह्यांची पहिली मास्तरकी हरसूलजवळच्या एका पाड्यावर झालेली. पुढे नाशकात बदली झाली, तरी दर चैत्रात एक दिवस आम्ही एसटीने तिकडे जायचो. सोमा हा ह्यांचा तिथला जुना स्नेही. त्याच्या घरामागे, टेकडीच्या पायथ्याशी, मोहाची झाडं होती. तिथे पथारी टाकायची आणि मी नुसतं उताणं पडून राहायचं — घरी सासूबाईंसमोर असं कोण पडू देणार? वर्षातला तेवढाच दिवस माझा होता.

मोहाची फुलं पहाटे गळतात. ती वेचता यावीत म्हणून तिकडचे लोक झाडाखालचा पाला झाडून जाळतात. सोमानेही त्या सकाळी जाळला होता, आणि विझवला होता. आम्ही पलीकडे तीन दगडांची चूल मांडून वांगी भाजली. निघायच्या वेळी सोमाची बायको जनी भरलेली कळशी घेऊन आली. झरा आटलेला. पाणी खालच्या विहिरीचं, अर्ध्या तासाची चढण. एवढंच म्हणाली, "चुलीवर वता बाई. निखारा लय लबाड असतो."

ती गेली. हे सोमाबरोबर पुढे निघाले होते. ऊन मी म्हणत होतं, पाय धुळीने भरलेले. मी त्या पाण्याने तोंड धुतलं. मग पाय. मग — अजून जरासं. कळशी रिकामी झाली. चुलीत राखच तर दिसत होती. चपलेने थोडी माती लोटली आणि चालू लागले. विझवलीस ना, ह्यांनी वाटेत विचारलं. हो म्हटलं. संसारात बाई अशी पन्नास खोटी बोलते, त्यातलंच एक वाटलं तेव्हा.

पंधरा दिवसांनी ह्यांच्या शाळेच्या कामाने पुन्हा जाणं झालं. टेकडी काळी. मोह जळालेले. वरच्या अंगाला राहणाऱ्या एका म्हातारीची झोपडी गेली होती, आत बांधलेल्या दोन शेळ्यांसकट. वनखात्याच्या माणसाने सोमाला मारलं होतं, दोन दिवस कोंडून ठेवलं होतं. पाला जाळणारा तो, मग आग दुसऱ्या कुणाची? पाड्याने त्याच्याशी बोलणं टाकलं होतं.

जनीने मला विचारलं, "बाई, तुम्ही पाणी वतलं व्हतं ना?" तिला माझ्यावर आळ घ्यायचा नव्हता. नवरा सुटेल अशी वाट शोधत होती बिचारी. नाही म्हटलं असतं तर काय बिघडलं असतं माझं? मास्तरांची बायको मी. मला कोण मारणार होतं, कोण कोंडणार होतं? फार तर ह्यांनी आठ दिवस अबोला धरला असता.

मी म्हटलं, "ओतलं की. अख्खी कळशी ओतली."

सोमा ओट्यावरून ऐकत होता. तोवर तो पाड्याला शपथेवर सांगत होता, आपण पाला विझवला होता म्हणून. मास्तरीणबाई खोटं बोलेल हे त्याच्या मनातही येईना, मग त्याचा स्वतःवरचाच विश्वास उडाला. पुढे नऊ वर्षं जगला तो, आणि ती आग आपलीच असं मानतच गेला.

त्या दिवशी तो उठून माझ्यासमोर आला. सुजलेले हात जोडले. म्हणाला, "माझ्याच हातून झालं बाई. तुमच्यावर उगा शक घेतला. माफी करा."

आणि मी त्याला माफ केलं. "असू दे सोमा," म्हटलं, "चुकतं माणसाचं."