पत्रिकेतला फिकट फोटो

चहा घ्या अन् माझी फजिती माझ्याच तोंडून ऐका. हिंगोलीकडच्या आमच्या गोरेगावात जो तो आपापला मसाला घालून सांगतोय, निदान तुम्हाला तरी खरी कळू द्या.

मी टायपिंगचा मास्तर. इन्स्टिट्यूट केव्हाच बंद पडलं, पण फुगीर काचेचा जुना कम्प्युटर अन् त्यातलं मराठी टायपिंगचं सॉफ्टवेअर मी जिवापाड जपलं होतं. त्यात आमच्या प्रियंकाचं लग्न ठरलं. आयुष्यभर लोकांच्या पत्रिका टाइप केल्या, मग स्वतःच्या पोरीची काय प्रेसवाल्याकडून करून घ्यायची? मी बसलो. वर गणपती, बाजूला वेलबुट्टी, मामा-काकांची नावं मानपानासकट. अशी सुबक पत्रिका झाली म्हणून सांगू!

नेमका जुना प्रिंटर मेला. हिंगोलीहून नवा आणला अन् तिथून माझे हाल सुरू झाले. कम्प्युटरला प्रिंटर दिसेचना. कसाबसा दिसला, तर गणपतीच्या जागी चौकोन अन् प्रियंकाच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं. फाइल तिच्या लॅपटॉपवर नेली, तिथं अक्षरांची पार खिचडी. दुकानदाराला फोन केला, तर तो म्हणाला, चाचा, कम्प्युटर बदल डालो. लग्न तोंडावर, पावण्यांना पत्रिका नाही, अन् पोरीचा बाप प्रिंटरसमोर डोकं धरून बसलेला.

बायको, सुमन, म्हणाली प्रेसमध्ये देऊन टाका. मी ऐकतो होय?

मग माझं डोकं चाललं. नवा प्रिंटर मोबाईलमधलं बराबर छापत होता. म्हणजे पडद्यावरच्या पत्रिकेचाच फोटो काढायचा अन् तो छापायचा! उजेडासाठी दार सताड उघडलं, मोबाईल दोन्ही हातांनी छातीशी धरला, चष्म्याखालून बघितलं अन् काढला फोटो. छापल्यावर अक्षर न् अक्षर तपासलं. काना-मात्रेची एक चूक नाही. सुमननं कोपऱ्यांना हळद-कुंकू लावलं अन् पत्रिका जीपनं शिरड शहापूरपासून हट्ट्यापर्यंत पोचल्या.

थोड्या दिवसांनी दारात शिरड शहापूरची माझी चुलत बहीण, शांताआक्का, पदर तोंडाला लावून उभी. मला बघितलं अन् मटकन खालीच बसली.

"आरं, तू हायस?"

"हाय की. काहून?"

तिनं पिशवीतून पत्रिका काढून माझ्यापुढं धरली.

आता तुम्हीच सांगा, आपल्याकडं पत्रिकेत अक्षरांच्या मागं फिकट फोटो कुणाचा असतो? घरातल्या गेलेल्या माणसाचा. तर पत्रिकेच्या मधोमध, फिकट, मी. दारातल्या उन्हात उभा असलेला मी कम्प्युटरच्या त्या फुगीर काचेत उमटलो होतो, अन् फोटोत पत्रिकेबरोबर मीही आलो. मोबाईल धरलेले हात जोडल्यासारखे, डोळे अर्धे मिटलेले. मास्तरानं अक्षरं तपासली, अक्षरांच्या मागं कोण बघतो?

सुमनला विचारलं, कुंकू लावताना तुला दिसलं नाही?

"दिसलं की," ती म्हणाली. "म्हटलं, हौस असंल."

तेवढ्यात फोन वाजला. हट्ट्याहून नवरदेवाचे वडील. मला दुसराच कोणी समजून हळू आवाजात म्हणाले, "लय वाईट झालं बघा. आता सुतकात लग्न कसं करावं? तारीख पुढं ढकलू म्हणतो आमी."

कार्यालय ठरलेलं, आचारी ठरलेला, पोरगी दाराआड कान देऊन उभी. तिचा चेहरा बघवेना.

"न्हाई हो, मी प्रियंकाचा बापच बोलून राहिलो," मी म्हणालो.

पलीकडं फोन कट झाला.

शेवटी मीच जीपनं हट्ट्याला गेलो. व्याह्यांसमोर उभा राहिलो, दोन शब्द बोललो, वर चहा पिऊन दाखवला, तेव्हा कुठं त्यांनी मुहूर्त कायम ठेवला.

लग्न थाटात लागलं. मी कार्यालयाच्या दारात, येईल त्याला आपण जिवंत असल्याचं पटवून देत होतो. शांताआक्का आली. मला वरून खालपर्यंत न्याहाळलं अन् हळहळून म्हणाली, "काही म्हण, फोटोत लय देवमाणूस दिसत व्हतास."