फलकाच्या सावलीतला सिग्नल

नांदेड सोडलं तेव्हा मोटारसायकलचं हँडल माझ्या हातात होतं आणि माझे वडील, आप्पा, मागे बसले होते. आमच्या घरात हे पहिल्यांदाच घडत होतं. शेजारच्या काकूंनी गॅलरीत दोनदा येऊन खात्री करून घेतली.

मी रिपीटर, म्हणजे मेडिकलच्या प्रवेशपरीक्षेत एकदा आपटून पुन्हा क्लास लावलेली. लातूरला हॉस्टेल एका टोकाला मिळालं होतं, क्लास दुसऱ्या टोकाला. म्हणून मला आप्पांची जुनी गाडी हवी होती. आप्पा हायस्कूलमध्ये भूगोल शिकवतात, परीक्षा घेतल्याशिवाय त्यांच्या हातून काही सुटत नाही. लातूरपर्यंत तूच चालव, म्हणाले, पण सिग्नलला चुकलीस तर गाडी माझ्याबरोबर परत येईल.

धावत्या गाडीची त्यांना फारशी काळजी नव्हती. त्यांच्या मते माणूस गाफील होतो तो थांबल्यावर. त्यामुळे त्यांचे नियम सगळे थांबण्याचे. पहिला गिअर टाकलेला, क्लच दाबलेला, उजवा पाय ब्रेकवर, म्हणजे मागचा लाल दिवा पेटलेला राहतो. नजर आरशात. आणि पुढे निसटायला वाट मोकळी. नांदेडातल्या सिग्नलांवर मी हे सगळं पाळलं. चूक होताना दिसली की आप्पा नुसतं ‘हं’ म्हणतात; ते मागून एकदाही आलं नाही, तेव्हाच मी मनात निम्मी गाडी जिंकली होती.

लोह्याच्या पुढे रस्ता टेकड्यांतून चढउतार करतो. दोन्ही बाजूंना नांगरलेली काळी रानं उन्हात तापत पडली होती. अहमदपूरला आम्ही सुशीला (भिजवलेल्या चुरमुऱ्यांना दिलेली फोडणी) खाल्ली. सोबतच्या तळलेल्या मिरचीने आप्पांच्या डोळ्यांत पाणी आणलं. हॉटेलवाल्याने माझ्या हातातल्या किल्लीकडे बघत पोरगी गाडी चालवून राहिली का, असं विचारलं. परीक्षा चालू हाय तिची, असं आप्पांनी ठसक्यातूनच सांगितलं.

चाकूर मागे पडल्यावर ते आपणहून बोलू लागले. भूकंपानंतर तरुणपणी ते याच रस्त्याने भाकरी आणि चादरींचा ट्रक घेऊन गेले होते. तेव्हा लातूरचं नाव काढलं की लोक हळहळायचे, आता कोणता क्लास चांगला ते विचारतात, म्हणाले.

लातुरात शिरलो ते भर दुपारी. सिग्नल लाल होता आणि पांढऱ्या पट्ट्यापाशी एकही गाडी नव्हती. सगळे बरेच अलीकडे थांबले होते, कारण तिथे एका क्लासच्या फलकाची सावली रस्त्यावर पडली होती. आपल्याकडे उन्हाळ्यात सिग्नल कुठे आहे हे कोणी बघत नाही, सावली कुठे आहे ते बघतात. गुणवंतांच्या हसऱ्या फोटोंखाली, रस्त्याच्या कडेला मोटारसायकली दाटीने उभ्या होत्या, इंजिनं बंद करून. कडेला जागा नव्हती, सावलीचं रस्त्याच्या मध्यावरचं टोक तेवढं मोकळं होतं.

“सावलीत घे बाई, डोकं भाजून राहिलं,” आप्पा म्हणाले. मी घेतली. “आता बंद कर की इंजिन. पेट्रोल कशाला जाळतीस?”

हा हुकूम होता की परीक्षेतला प्रश्न, ते मला कळेना. मी ‘हाव’ म्हणून होकार दिला आणि काहीच बंद केलं नाही. पहिला गिअर, क्लच, ब्रेक. नजर आरशात.

आरशात टेम्पो दिसला. हॉस्टेलसाठी लोखंडी कॉट आणि गाद्या भरून येत होता. ड्रायव्हरची नजर दूरच्या सिग्नलवर होती, आमच्यावर नव्हतीच. मी क्लच सोडला आणि समोरच्या मोकळ्या रस्त्यावरून गाडी थेट पट्ट्यापर्यंत, डाव्या कडेला नेली. मागे ब्रेक किंचाळले. वळून पाहिलं तर आम्ही उभे होतो बरोबर तिथे टेम्पोचं तोंड होतं, आणि एक गादी रस्त्यावर लोळत होती. कोणाला खरचटलंही नव्हतं.

ड्रायव्हर खाली उतरला. घामाने निथळत होता.

“ताई, सिग्नल तिकडं हाय,” तो म्हणाला. “मधीच कोण थांबतं?”

तो खरं बोलत होता. आप्पांनीही मान डोलावली.

मला मात्र आनंद झाला होता. हॉस्टेलच्या दारात आप्पांनी आपल्या जुडग्यातून गाडीची दुसरी किल्ली काढून माझ्या हातावर ठेवली. “पास,” एवढंच म्हणाले आणि एसटीने नांदेडला गेले. मी गाडी उगाचच हॉस्टेलभोवती एक चक्कर फिरवून आणली.

दसऱ्याला मी त्याच गाडीवर नांदेडला परतले. संध्याकाळी आपट्याची पानं आणायला आप्पांनी गाडी मागितली, मी मागे बसले. सिग्नलपाशी कडुनिंबाखाली चार-पाच जण इंजिनं बंद करून थांबले होते. आप्पांचा हात सवयीने किल्लीकडे गेला, तिथेच थबकला आणि पुन्हा क्लचवर आला. गाडी त्यांनी सावली ओलांडून पट्ट्यापर्यंत नेली. मग आरशात बघू लागले, तर आरशात मी त्यांच्याकडेच बघत होते.

“हं,” मी म्हटलं.