लाल डब्यांचा मास्क

त्या वर्षी कपाशीची पऱ्हाटी माणसाच्या छातीला लागली होती, पण बोंडांत अळी होती. बाभुळगावकडच्या आमच्या गावात एक फवारणी संपली की दुसरी सुरू व्हायची. मी तेव्हा यवतमाळला खोली करून शिकवण्या घ्यायची आणि शनिवारी दुपारच्या एसटीने घरी यायची. घरी दादा आणि वहिनी. आई-वडील गेल्यावर घर म्हणावं असं माझं तेवढंच उरलं होतं.

फवारणी करताना विषबाधा होऊन माणसं दवाखान्यात भरती होत होती. पऱ्हाटी उंच, त्यामुळे औषध सरळ तोंडावर यायचं. वहिनी एके शनिवारी दादाला म्हणाली, "अजी, दुपट्टा बांधून भागत नाही आता. काहीतरी चांगलं मागवा."

घरात इंटरनेट चालणारा फोन माझाच. दादा माझ्याजवळ ओसरीत येऊन बसला आणि आम्ही खरेदीच्या एका साइटवर मास्क शोधू लागलो. बैल घ्यायला गेल्यासारखा तो प्रत्येक मास्क चारी बाजूंनी पाहायचा. "थो मागचा दाखव बरं. याचा पट्टा कमजोर दिसते." शेवटी दोन्ही गालांवर लाल डबे असलेला, नावाजलेल्या कंपनीचा मास्क त्याने पसंत केला. डब्यांत कोळसा असतो, तो औषधाचा वास अडवतो, असं खाली लिहिलं होतं. किती वर्षांनी आम्ही दोघं भाऊबहीण असे डोक्याला डोकं लावून बसलो होतो. दादा मला पाटीवर बेरजा शिकवायचा तेव्हा बसायचो तसे.

पार्सल आलं. दादाने मास्क लावून अंगणात फेरी मारली आणि आमचं कुत्रं त्याच्यावरच भुंकलं. वहिनी इतकी हसली की तिला पायरीवर बसावं लागलं.

पुढच्या शनिवारी मी घरी पोहोचले, तर दादा वावरातून लवकर परतलेला. डोळे लाल, तोंडातून लाळ गळत होती, हात थरथरत होते. "वास येऊन राह्यला होता," तो म्हणाला. "मले वाटलं, नवीन हाये, येत असंन थोडा." वहिनीने त्याला साबण लावून आंघोळ घातली, अंगावरचे कपडे बाहेर फेकले. शेजाऱ्यांच्या गाडीतून आम्ही त्याला यवतमाळच्या दवाखान्यात नेलं. वाटेत वहिनी त्याच्याशी सारखी बोलत होती. पाहुण्यांबद्दल, म्हशीबद्दल, काहीही. तो "हं, हं" करत होता आणि तो "हं" ऐकण्यासाठीच ती बोलते आहे, हे मला कळत होतं.

दादा वाचला. काही दिवसांनी घरी आला, फिका पडलेला, पण भाकर मागणारा.

तो आल्यावर वहिनीने विळ्याने मास्कचा एक डबा फोडला. आत कोळसा नव्हता. स्पंजचा गोल तुकडा आणि त्याखाली वजनापुरता लाकडाचा भुसा. कंपनीचं नाव तेवढं डब्यावर ठळक होतं.

मी साइटवाल्यांकडे तक्रार केली. फोनवरची मुलगी हिंदीतून गोड बोलली. वस्तू परत पाठवा, पूर्ण पैसे मिळतील. मी हे घरात सांगितलं तेव्हा वहिनी भाकरी थापत होती. तिचा हात थांबला.

"अन् मंग थो मास्क कुठं जाईन?"

"विकणाऱ्याकडे."

"म्हणजे नवा डबा लावून थो दुसऱ्याले विकंन. नाही बाई. पैसे नको आपल्याले. मास्क घरातून जाणार नाही."

दादाने मान डोलावली. मग ओसरीत स्टूल मांडून त्यावर फोडलेला डबा, स्पंज आणि भुसा ठेवला, मी फोटो काढले. साइटवर त्या मास्कखाली लोकांनी आपलं मत लिहायची जागा होती. दादा सांगायचा, मी लिहायची. "लिही, हा घेऊ नका. आत भुसा हाये. मी घालून फवारणी केली अन् दवाखान्यात गेलो." वहिनी आतून म्हणाली, "हेबी लिहा की घरी माणसं वाट पाहतात." ते वाक्य ठेवायचं की नाही यावर दोघांचं भांडण झालं. ठेवलं.

पहिल्यांदा आमचा मजकूर त्यांनी घेतलाच नाही. दुसऱ्यांदाही परत आला. तिसऱ्यांदा दिसू लागला. त्याखाली कुणी कुणी लिहू लागलं. दूरच्या एका गावातल्या माणसाने लिहिलं, तुमचं वाचून माझा फोडला, तेच निघालं, उद्या फवारणीला जाणार होतो. हे मी वाचून दाखवलं तेव्हा दादाने ते पुन्हा वाचायला लावलं. पुढे तो मास्क तिथून नाहीसा झाला. विकणारा दुसऱ्या नावाने आला असेल, नसेल, आम्हाला कळलं नाही. उरलेला डबा दादाने दगडाने ठेचला.

नवा मास्क कृषी केंद्रातून आणला. वहिनीने तो दादाच्या तोंडाला बांधला आणि नाकासमोर उदबत्ती धरली.

"येते का वास?"

दादाने मान हलवली. नाही.

"खरं सांगा."

तो पुन्हा मान हलवत राहिला, आणि उदबत्ती बोटापर्यंत जळत आली तरी वहिनी हटेना. आता दादा स्वतः फवारत नाही, वावरात पऱ्हाटी कमी करून निम्मी तूर असते, मी यवतमाळ सोडूनही बराच काळ झाला. पण त्या ओसरीत मी मनाने अजून पुष्कळदा जाऊन बसते.