धरलेलं मनगट

चाकू-सुऱ्यांना धार लावणाऱ्या त्या माणसाला सगळी गल्ली ठिणगीकाका म्हणायची. सायकल स्टँडवर चढवून पॅडल मारलं, की हँडलपाशी बसवलेलं दगडी चाक गरगरायचं आणि पोरं गोळा व्हायची. पोरं आली की काका मुद्दाम सुरी जरा दाबून धरायचे. बघून घ्या लेको, म्हणायचे, तुमच्या लग्नात एवढी रोषणाई नसणार.

एकदा एका चिमुरडीनं ठिणगी पकडायला हात पुढे केला. काकांनी झटकन तिचं मनगट धरलं. नेमका तेव्हाच वरच्या खिडकीतून कुणीतरी फोटो काढला. संध्याकाळपर्यंत तो घरोघरच्या फोनवर पोचला. खाली एकच ओळ होती : पोरं पळवणारा आलाय, सावध राहा.

काकांकडे फोन नव्हता. त्यांना एवढंच कळे, की आपण हाक दिली की दारं लागतात. मग चौकात दोघांनी त्यांची सायकल आडवी पाडली, चाक तडकलं, तेव्हा घरी त्यांच्या लेकीनं फोनवरचा तो फोटो त्यांच्यापुढे धरला. काकांनी फोटो पाहिला, खालची ओळ वाचली.

"माणूस मीच आहे गं," ते म्हणाले, "पण गोष्ट भलत्याचीच आहे."

लेक त्यांना घेऊन त्या चिमुरडीच्या आईकडे गेली. बाई भली. तिनं तिथल्या तिथे सगळ्यांना लिहून टाकलं, की माझ्या मुलीचा हात भाजू नये म्हणून यांनी धरला. खिडकीवाल्यानंही मान खाली घालून फोटो पुसला. गेला बघा काका, म्हणाला. काकांना वाटलं, फळ्यावरचं पुसावं तसा तो सगळीकडचाच गेला. नवं चाक बसवून ते पलीकडच्या वस्तीत गेले. तिथे एका म्हाताऱ्यानं चष्मा कपाळावर सरकवून फोन पाहिला, मग काकांना पाहिलं आणि नातवाला आत ओढलं.

त्या बाईचं लिहिणं एवढ्या लांब का नाही पोचलं, असं काकांनी घरी येऊन विचारलं.

"बाबा, भ्यालेला माणूस चार जणांना सांगत सुटतो," लेक म्हणाली. "खरं कळलं की नुसता हुश्श करतो आणि फोन ठेवून देतो."

जुन्या गल्लीतल्या सुऱ्या-कात्र्या हळूहळू परत आल्या. पोरंही आली. पण आता पोरं दिसली की काका चाक थांबवतात, आणि ती लांब गेल्याशिवाय पॅडलला पाय लावत नाहीत.

परवा नातीला शाळेतून आणायचं होतं. काका सायकल हातानं ढकलत रस्ता ओलांडत होते, तेव्हा तिनं सवयीनं त्यांचं बोट धरायला हात पुढे केला. काकांनी आधी वरच्या खिडक्यांकडे पाहिलं. मग दोन्ही हात हँडलवर तसेच ठेवून म्हणाले, "कॅरिअर धर बाळा. घट्ट धर."