दुपारी तीनची सही

आमच्या मदुराईच्या दवाखान्यात हृदयाच्या वॉर्डातून घरी निघताना 'येते' म्हणायचं नाही. बाहेर खुशाल म्हणा. इथे 'जाते' म्हणायचं आणि सरळ जिना उतरायचा. कुणी चुकून 'येते' म्हटलं की कनकवल्लीअक्का खेकसायच्या, "खबरदार! परत तोंड दाखवायचं नाही इथे!" अक्का वॉर्डाच्या मुख्य नर्स, मी त्यांच्या हाताखालची आया.

गजरे ओवणारी मुत्तुपेच्ची मात्र दर वेळी 'येते, अक्का' म्हणूनच जायची. हृदयाची नळी तुंबलेली, स्टेंट घालायचा होता. "खाट नाही, पुढच्या मंगळवारी ये," असं सांगून तिला परत पाठवलेलं. एकदा नाही, तीनदा! चार पायऱ्यांत धापा टाकणारी बाई, चौथ्या खेपेला जिवंत येईल की नाही याचीच मला धास्ती. तिच्यावर अक्का खेकसायच्या नाहीत, मान खाली घालायच्या.

आणि खाटा कुणी अडवलेल्या? धडधाकट माणसांनी! मनगटातून स्टेंट घातलेला माणूस दुसऱ्या सकाळी इडली खाऊन फेऱ्या मारतोय, तरी तीन रात्री मुक्काम. का? मोठे डॉक्टर सही करणार दुपारी तीनला. मंगळवारी तीनलाच अशुभ राहुकाळ लागतो, मग घराकडे कोण निघणार? तो सुटेपर्यंत औषधांची खिडकी बंद. इतर दिवशी कुणाची तपासणी राहिलेली, कुणाचा कागद.

ऑफिसातले साहेब म्हणाले, "लोकच अंधश्रद्धाळू, आपण काय करणार?"

अक्का भडकल्या. "राहुकाळ कॅलेंडरात छापलेला असतो, साहेब. तुमच्या डॉक्टरांची सही कुठे छापलीय?"

त्यांनी वॉर्डात पाटीच लावली. पेशंट घरी जाण्याजोगा कधी झाला, सही कधी झाली, गेला कधी. पंधरा दिवस लिहिलं आणि मोठ्या डॉक्टरांना त्या पाटीपुढे उभं केलं.

"आता नर्स मला वेळ शिकवणार?"

"मी कशाला शिकवू? वाचा की तुम्हीच."

डॉक्टर लालबुंद झाले, पण वाचलं. सही सकाळी आठला आली, औषधं आणि तपासण्या आदल्या संध्याकाळी. ज्याला काही त्रास असेल तो राहायचा; बाकीच्यांच्या तीन रात्रींची एक झाली.

चौथ्या मंगळवारी मुत्तुपेच्चीला खाट मिळाली. बुधवारी सकाळी दहाला ती जिन्यापाशी थांबली. "जाते, अक्का."

"जा!" अक्का ओरडल्या आणि पदरानं डोळे पुसले.

एवढा एक शब्द म्हणायला त्या बाईला तीन हेलपाटे घालावे लागले, आणि ते कशापायी? एका सहीपायी! माझं डोकं अजून तापतं.