काशिनाथच्या गळ्यातली किल्ली

काशिनाथ गाडीची किल्ली गळ्यात घालत असे. काळ्या दोऱ्यात ओवलेली ती किल्ली सदऱ्याच्या उघड्या गळ्यातून दिसे, आणि नवा माणूस तिला ताईत समजे. आंघोळीच्या वेळीही तो ती काढत नसे. कोणी हसले तर म्हणे, "देवाला विसरलो तर देव समजून घेतो. किल्ली विसरलो तर गाडी समजून घेत नाही." सदऱ्याची वरची दोन बटणे त्याच्या लेखी नव्हतीच.

गुजरातेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीत तो माझ्या समोर राहत असे. मी महानगरपालिकेच्या मराठी शाळेत शिक्षक होतो. तो कापड रंगवणाऱ्या एका मिलचा टेम्पो चालवी. मूळचा पारोळ्याकडचा. घरात अहिराणी, मिलमध्ये गुजराती, पोलिसांशी हिंदी, आणि मला मान द्यायचा म्हणून माझ्याशी मराठी, असा त्याचा कारभार होता. त्या मराठीत उरलेल्या तिघींची ये-जा चाले.

आमची ओळख एका शब्दावरून झाली. मी काही कामासाठी त्याच्या घरी गेलो होतो. तो भेटला नाही. दुसऱ्या दिवशी रस्त्यात मला थांबवून त्याने गंभीरपणे म्हटले, "मास्तर, काल तुम्हाला धक्का पडला." मला वाटले, कोणी गेले असावे. चौकशी केली तेव्हा उलगडा झाला. गुजरातीत फुकट गेलेल्या खेपेला धक्का म्हणतात. मी त्याला सांगितले की मराठीत यासाठी हेलपाटा हा शब्द आहे. त्याने तो दोनदा म्हणून पाहिला आणि नापास केला. "तोंडात दगड ठेवल्यासारखा शब्द आहे, मास्तर. धक्काच बरा. धक्क्याने गाडी तरी चालू होते."

ते खरे होते. त्याच्या टेम्पोची बॅटरी थंडीत हमखास बसे. मग तो गल्लीच्या मध्यभागी उभा राहून हाक मारी, "चला रे, गावकी करा." दात घासणारे, पाणी भरणारे, रात्रपाळीहून आलेले, सगळे टेम्पोमागे लागत. ज्याने हात लावला त्याला मोठ्या रस्त्यापर्यंत फुकट नेण्याचा रिवाज होता. एकदा मीही पुढे झालो. तो म्हणाला, "तुम्ही नुसते मागे उभे राहा. तुमच्या धाकानेच चालू होईल."

बंद दारे उघडण्याचेही त्याला वेड होते. किल्ली आत विसरून बाहेर उभा राहिलेला माणूस दिसला की काशिनाथ पोलादाची एक लवचिक पट्टी घेऊन निघे. काच आणि रबर यांच्यामध्ये ती सरकवून तो डोळे मिटून घेई आणि कडी सापडेपर्यंत दाराशी बोलत राही. "दार रुसलेलं असतं. त्याला गुदगुल्या करायच्या." एका डॉक्टरांच्या मोटारीचे दार त्याने त्यांची हकिगत ऐकून संपण्याआधी उघडले होते. हे मी स्वतः पाहिले आहे. म्हणूनच येथे नमूद करतो.

धनराज माझा धाकटा भाऊ. तो त्याच मिलमध्ये कापडाला इस्त्री करणाऱ्या यंत्रावर होता. दोन तापलेले रोलर आणि त्यांच्यामधून जाणारे कापड, असे ते यंत्र. हात आत जाऊ नये म्हणून पुढे लोखंडी जाळी असते. जाळीमुळे काम मंदावते, म्हणून मुकादम ती काढून भिंतीशी उभी करायला लावी. शहरात प्लेग आला त्याच्या आदल्या वर्षी धनराजचा उजवा हात त्या रोलरमध्ये गेला. तो मनगटाच्या वर कापावा लागला. मिलने सांगितले की कामगार प्यायलेला होता आणि जाळी त्यानेच काढली. मिलच्या दोघांनी तशी साक्षही दिली.

धनराज दारूला शिवत नव्हता. पण तो इस्पितळातून घरी येण्याआधी ही बातमी गल्लीत येऊन बसली होती. ठरत आलेले त्याचे लग्न मोडले. मुलीच्या वडिलांनी निरोप पाठवला तो असा: हात गेलेला चालेल, पिणारा चालणार नाही. आम्ही मिलवर भरपाईचा दावा लावला होता, पण त्यानंतर धनराजला भरपाईत रस उरला नाही. आपण प्यायलेलो नव्हतो एवढे कोणीतरी न्यायालयात बोलावे, इतकेच त्याला हवे होते.

बोलू शकणारा माणूस एकच होता. काशिनाथ त्या दिवशी तागे भरण्यासाठी टेम्पो मागच्या दाराला लावून आत आला होता. मुकादमाने जाळी काढायला लावली तेही त्याने पाहिले आणि पुढचेही पाहिले. धनराजला टेम्पोत घालून इस्पितळात त्यानेच नेले. रक्ताने भरलेल्या सदऱ्याने तो माझ्या दारात आला आणि म्हणाला, "मास्तर, पाहिलं ते सांगणार. माझं तोंड कुणी भाड्याने घेतलेलं नाही." वकिलांनी त्याच्या नावाने समन्स काढू म्हटले तेव्हा त्याला राग आला. "समन्स परक्याला धाडतात. मी काय परका आहे?" समन्स काढले नाही.

त्याच वर्षात त्याने टेम्पो सोडला आणि एक जुनी पांढरी फियाट घेतली; तिची किल्ली त्याच काळ्या दोऱ्यात आली. मिलच्या पाहुण्यांना आणणे-पोहोचवणे त्याच्याकडे आले. गल्लीला आनंद झाला. गाडीची पूजा झाली तेव्हा तिच्यापुढे नारळ धनराजने फोडला, डाव्या हाताने.

खटल्याच्या तारखा पडत गेल्या. अखेर न्यायाधीशांनी बजावले की पुढच्या तारखेला साक्षीदार हजर झाला नाही, तर आमचा पुरावा बंद होईल. काशिनाथला मी हे सांगितले. तो म्हणाला, "तुम्हाला दोघांना माझ्याच गाडीतून नेतो. धनराज रिक्षाने का जाईल?"

त्या सकाळी आम्ही तयार होऊन बाहेर आलो. फियाट गल्लीच्या तोंडाशी उभी होती आणि काशिनाथ पट्टी घेऊन तिच्या दाराशी वाकला होता. दिवे चालू राहिले, बॅटरी बसली, धक्का मारावा म्हणून खाली उतरलो तर दार लागले आणि किल्ली आत राहिली, असे त्याने सांगितले. आमच्याकडे न पाहता सांगितले. मी म्हटले, काच फोड. तो म्हणाला, घरची लक्ष्मी आहे, तिची काच कशी फोडू? मी म्हटले, गाडी राहू दे, रिक्षाने चल. त्याने गल्लीकडे बोट दाखवले. नळाला पाणी नव्हते. टँकर येणार होता, आणि फियाट हलल्याशिवाय तो आत येऊ शकत नव्हता. बायका हंडे मांडून बसल्या होत्या. त्यांचे पाणी अडवून त्याला नेता येणार नव्हते.

"तुम्ही व्हा पुढे," तो म्हणाला. "दार उघडतो, गाडी बाजूला घेतो आणि तुमच्या पाठोपाठ पोहोचतो."

पट्टी त्याच्या हातातून पुन्हा पुन्हा निसटत होती. तो दाराशी बोलत नव्हता. आम्ही रिक्षा केली.

न्यायालयाच्या व्हरांड्यात बाकावर बसलो असताना धनराज हसला. मी कारण विचारले. तो म्हणाला, "दादा, काशिनाथने आज गळ्यापर्यंत बटणं लावलीत. एवढ्या उकाड्यात. कोर्टात यायचं म्हणून सजला असेल."

वैशाखाचे दिवस होते. त्या बंद गळ्याखाली काय असणार, हे मला त्या क्षणी कळले. फाटकाकडे पाहत राहण्याचे काम मी धनराजवर सोडले. तो ते शेवटपर्यंत करत राहिला. आमचा पुकारा झाला, वकिलांनी थोडा वेळ मागितला, तो मिळाला आणि संपला. पुरावा बंद झाला.

परतलो तेव्हा फियाट जागेवर नव्हती. शेजारच्या बायजाबाई ओट्यावर तांदूळ निवडत होत्या. गाडी हलवायला कोणी धक्का मारला, असे मी विचारले. त्यांनी सरळपणे सांगितले, "धक्का कशाला मास्तर? तुमची रिक्षा वळली अन् त्याने गाडी काढली. एका सेल्फात चालू झाली. कामरेजला भाडं घेऊन गेला म्हणे."

काशिनाथ दिवे लागण्याच्या सुमारास आला. गाडी लावली आणि मला दारात उभा पाहून जागच्या जागी थांबला. गळ्याची बटणे अजून बंद होती. सदरा घामाने अंगाला चिकटला होता. शब्द जुळवून तो म्हणाला, "मास्तर, तुमचा हेलपाटा झाला."

माझ्या समोर तो शब्द त्याने पहिल्यांदाच शुद्ध वापरला. मी म्हटले, "नाही. तुझाच शब्द बरोबर आहे. धक्का." मग म्हटले, "काशिनाथ, वरचे बटण काढ."

त्याचा हात गळ्याशी गेला आणि तिथेच राहिला. बटण त्याने काढले नाही. धनराज आत पंख्याखाली बसला होता. हे सारे त्याला ऐकू गेले असणार. पण तो बाहेर आला नाही.

निकाल लागला. दोष कामगाराचा ठरला. शेठने माणुसकी म्हणून काही दिले. ते धनराजने नाकारले. काशिनाथने गळ्यातला दोरा काढून टाकला आणि किल्ली खिशात ठेवायला लागला. गल्लीत गाडी अडली तरी त्याने पुन्हा गावकीला हाक मारली नाही, आणि पट्टी घेऊन कोणाच्या दाराशी गेल्याचेही ऐकले नाही. त्याला भीती कशाची घातली किंवा आमिष कशाचे दाखवले, हे मी शोधले नाही. शोधून निकाल बदलला नसता.

प्लेग येऊन गेल्यावर गल्लीतली पुष्कळ घरे बदलली. काशिनाथला मिलच्या आवारात खोली मिळाली. तो शेठच्या मोटारीवर जाणार होता. सामान टेम्पोत भरल्यावर तो माझ्या पाया पडायला आला. मी पाय मागे घेतले.

"मास्तर, शिव्या घाला," तो म्हणाला.

मी म्हटले, "शिव्या नकोत. न्यायालय संपले. पण गल्ली अजून इथेच आहे. सगळे दारात उभे आहेत. त्या दिवशी धनराज प्यायलेला नव्हता, एवढे त्यांच्यासमोर मोठ्याने बोल आणि जा."

त्याने दोन्ही बाजूंच्या दारांकडे पाहिले. टेम्पोत मिलचा मुकादम पुढच्या सीटवर बसला होता, त्याच्याकडेही पाहिले. "बोलतो," तो म्हणाला.

धनराज माझ्या मागेच ओट्यावर बसला होता. काशिनाथ त्याच्यापाशी गेला, गुडघे टेकून बसला आणि त्याच्या कानाजवळ तोंड नेऊन हळू आवाजात म्हणाला, "धनराज, तू पेयेल नव्हतास."

धनराजने तितक्याच हळू, काशिनाथच्या घरच्या अहिराणीत, त्याला विचारले, "माले काय सांगस, काशिनाथ? मी व्हतू ना तठे, मशीनवर."

काशिनाथ उठून टेम्पोत बसला. सारी गल्ली दारात उभी होती. तिने दोघांना शेवटचे बोलताना पाहिले. आम्हा तिघांखेरीज ऐकू कोणालाच आले नाही.