दीर्घ श्वास आणि सुके बोंबील

माझा स्वभाव तापट, हे मी कधी लपवलं नाही, लपलंही नसतं. तलासरीच्या एका कचेरीत खिडकीमागे बसून तीस वर्षं लोकांवर खेकसले आणि निवृत्त होताना रक्तदाबाची गोळी घेऊन घरी आले. डॉक्टर म्हणाले, योगाला जा. मसोलीत आमच्या घराजवळच्या सभागृहात सकाळचा वर्ग चालायचा, तिथे जाऊ लागले.

शिकवणारी बाई डोंगरपाड्यातली, भात-नागली पिकवणाऱ्या घरातली लेक, लग्न होऊन मसोलीत आलेली. तिचा आवाज कधी चढायचा नाही. रोज एक चांगला विचार मनात धरायचा, असा तिचा नेम. तो फळ्यावर लिहायचं काम माझ्याकडे, कारण माझं अक्षर वळणदार. स्वभावाला वळण लागायचं होतं.

वर्गाला वरोरची एक मासे विकणारी बाईही यायची. पहाटे टेम्पोने डहाणूच्या बाजाराला निघायची, वाटेत मसोलीला उतरायची, पाटी सोबतिणींबरोबर पुढे पाठवायची आणि नळावर हातपाय धुऊन शेवटच्या ओळीत बसायची. नवरा गेल्यापासून तिची झोप उडाली होती. प्राणायाम करायला लागल्यावर चार तास तरी डोळा लागतो, हे तिने एकदा सगळ्यांना सांगितलं तेव्हा तिचं तोंड उजळलं होतं. तिची बैठक तर बघत राहावी अशी. बाजारात सहा-सहा तास पाठ न टेकता बसायची सवय. आम्ही पेन्शनवाल्या दहा मिनिटांत भिंत शोधायचो.

एके दिवशी उशीर झाला म्हणून ती माझ्या शेजारच्या रिकाम्या जागेवर बसली. फळ्यावर 'सगळ्यांवर प्रेम करा' असं लिहून मी नुकतीच टेकले होते. दीर्घ श्वास घ्या, असं शिकवणारीने सांगितलं आणि मी बोलून गेले, "या सुक्या बोंबलांच्या वासात दीर्घ श्वास घ्यायचा तरी कसा?"

दोघी-तिघी हसल्या. तीही हसली, सतरंजी उचलून दाराशी जाऊन बसली. दुसऱ्या दिवसापासून आली नाही.

शिकवणारी मला एका शब्दाने बोलली नाही. त्यापेक्षा चार शिव्या परवडल्या असत्या. माझ्या जिभेला हाड नाही हे घरीदारी सगळ्यांना ठाऊक आहे, पण माझ्यामुळे एका बाईची मिळालेली झोप पुन्हा गेली असेल, हे काही केल्या डोक्यातून जाईना. आठवडा काढला आणि शेवटी शिकवणारीलाच विचारलं, ती येईल का हो परत? शिकवणारी म्हणाली, "काकू, तिची वाट कशाला बघता? वरोरला रिक्षा जाते की."

गेले. समुद्राकाठी बांबूच्या मांडवांवर बोंबील वाळत होते. दोन बोंबलांचे जबडे एकमेकांत अडकवून ती जोडी दोरीवर टांगायची, अशी तिथली रीत. मासे विकणारी तेच करत होती. माफीची वाक्यं मी घरून पाठ करून नेली होती, त्यातलं एक आठवेल तर शपथ. तिने पाटी उपडी करून मला बसायला दिली, पाणी दिलं, गोळी वेळेवर घेता ना, असं विचारलं. मी दोन बोंबील उचलले. जोडी तीनदा सुटली. तिने आपली एक जोडी सावकाश अडकवून दाखवली, तेव्हा कुठे जमलं.

"चुकलं माझं," मी म्हणाले. "रागावलीस म्हणून येत नाहीस ना?"

"रागवायचं काय त्यात, बाय? वास येतो तो येतोच. तुम्हाला परेशर, तुम्हाला श्वास पायजे. मी शेजारी बसले तर तुम्ही घेणार नाय. म्हणून मी इथंच डोळे मिटून बसते."

"झोप लागते?"

"नाय लागत," ती म्हणाली आणि पुढची जोडी टांगली.

मला तिच्याबद्दल इतका आदर वाटला, आणि स्वतःची इतकी लाज, की मी तिथेच, चार बायकांसमोर, रडायला लागले. ती डोळे पुसायला पुढे आली आणि मध्येच थांबून तिने हात मागे घेतले. मासळीचे हात होते. मी ते दोन्ही हात ओढून घेतले आणि रडू थांबेपर्यंत तोंडावर धरून ठेवले.

"उद्या माझ्या शेजारी येऊन बसायचं," मी खिडकीमागच्या जुन्या आवाजात दरडावलं. "नाहीतर मीही वर्गाला जाणार नाही."

"ओरडू नका, बाय, परेशर चढेल," ती म्हणाली. "येते मी."